‘वजन कमी करा’ ही काही चिठ्ठी नव्हे

प्रति,
धंतोली, रामदासपेठ आणि नागपूरभरच्या दवाखान्यांत बसणाऱ्या समस्त डॉक्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं अक्षर मला वाचता येतं, एवढीच माझी ओळख पुरे. मानेवाडा रोडच्या बाजूला २२ वर्षांपासून माझं औषधाचं दुकान आहे. नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की एकतर ते मोठं सरकारी हॉस्पिटल, नाहीतर कोपऱ्यावरचं आमच्यासारखं दुकान. मी दुसऱ्या मेडिकलातली. बी. फार्म. झाले, लग्न झालं, सासऱ्यांच्या किराणा दुकानात औषधांचे रॅक लागले आणि तेव्हापासून सकाळी दहा ते रात्री साडेदहा मी काउंटरच्या मागे असते.

गेल्या दिवाळीनंतर मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला गेले, म्हणजे तुमच्यापैकीच एकांकडे पेशंट म्हणून. वजनकाटा बाहेर पॅसेजमध्ये होता, दोन बाकांच्या मधोमध. कंपाउंडरनं आकडा बघितला आणि आतल्या मुलीला लिहून घेता यावा म्हणून मोठ्यानं ओरडला, “चौऱ्याहत्तर!” मागच्या बाकावर आमच्याच गल्लीतल्या काकू बसल्या होत्या. त्यांनी लगेच मान वळवून कॅलेंडर बघायला घेतलं, तेव्हाच कळलं की आज रात्रीपर्यंत हा आकडा आमच्या चौकात पोहोचणार.

आत तीन मिनिटं मिळाली. डॉक्टर वाईट नव्हते. बीपी दोनदा मोजलं, रिपोर्ट नीट वाचले. मग म्हणाले, “भात बंद करा, फिरायला जा.” मी म्हटलं, “सहा वर्षांपासून रोज सकाळी ४० मिनिटं फिरते जी.” ते म्हणाले, “मग खाणं बघा.” पुढचा पेशंट दारात उभाच होता.

रात्री दुकानात गर्दी ओसरल्यावर मी ती चिठ्ठी दुसऱ्या कुणाची असावी तशी वाचली. बीपीची टेल्मिसार्टन ४०, सकाळी एक, ३० दिवस. डी जीवनसत्त्वाची पुडी, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. कॅल्शियम. गॅसची गोळी, उपाशीपोटी. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘रिड्यूस वेट’.

या शेवटच्या ओळीपुढे डोस नाही. किती दिवस, ते नाही. कशासोबत घ्यायचं, कधी थांबवायचं, परत कधी दाखवायचं, काही नाही. दुसऱ्या कुठल्या औषधाची ओळ अशी अर्धवट आली असती तर मी तुम्हाला फोन करून विचारलं असतं. या ओळीसाठी २२ वर्षांत एकदाही फोन केला नाही. तुम्हीही कधी विचारलं नाही की बाई, ते शेवटचं दिलं का पेशंटला.

ही ओळ मी हजारो चिठ्ठ्यांवर वाचली असेल. एक गिऱ्हाईक आहेत, शाळेत शिपाई होते, आता रिटायर झाले. त्यांच्या पहिल्या चिठ्ठीवर मधुमेहाचं मेटफॉर्मिन होतं आणि खाली ही ओळ. पुढे ग्लिमेपिराइड आलं, पायोग्लिटाझोन आलं, ओळ तीच. मग इन्सुलिन आलं, तरी ओळ तीच. आता या यादीतलं मेटफॉर्मिन सोडलं तर बाकी तिन्ही औषधांनी वजन वाढतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. एकाच कागदावर वर वजन वाढवणारं लिहायचं आणि खाली वजन कमी करा म्हणायचं! तो माणूस दर वेळी मला ओशाळून सांगायचा, “काय करू ताई, कंट्रोलच होऊन नाही राहिलं.” त्याला वाटायचं, चूक त्याचीच. मी गोळ्या मोजून द्यायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याचं माझंही काही देणं लागतं, म्हणून हे पत्र.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. वय ४९, उंची १५८ सेंटिमीटर. चाळिशीत ६१ किलो होते, आता ७४. पाळी जाऊन १४ महिने झाले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उजवा गुडघा जिना उतरताना बोलतो. खाते काय म्हणाल तर नागपूरकर खातात तेच. रविवारी तर्री-पोहे, थंडीत सांबारवडी, श्रावणात उपवासाच्या नावाखाली साबुदाणा आणि फल्लीदाणे. घरातलं उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून रात्री साडेअकराला उभ्या-उभ्या संपवते, हेही खरं. पण ६१ किलोची होते तेव्हाही हेच करत होते.

‘वयानं चयापचय मंदावतं’ हे वाक्य तुम्हीही म्हणता, आम्हीही म्हणतो. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये मोठा अभ्यास आला. हजारो माणसांची मोजणी करून त्यांनी दाखवलं की शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत रोजचा ऊर्जाखर्च जवळपास तसाच राहतो. मग चाळिशी-पन्नाशीत होतं काय? स्नायू हळूहळू कमी होतात, झोप तुटते, हालचाल नकळत आखडते. आणि बाईच्या बाबतीत इस्ट्रोजेन उतरलं की मांड्या-नितंबांवरची चरबी आपला मुक्काम पोटाकडे हलवते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. म्हणजे ऐन कामाच्या वयात, मुलांचं शिक्षण आणि सासू-सासऱ्यांची दुखणी एकत्र अंगावर असताना हे होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतल्या आकड्यांवरून देशातल्या १०० पैकी ४० बायकांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी असल्याचं दिसलं. पुरुषांत हे प्रमाण १०० पैकी १२ होतं.

पोट मोजायला शिंप्याची टेप लागते, पंधरा-वीस रुपयांना मिळते. माझ्या गळ्याशप्पथ सांगते, मी गेले त्या दवाखान्यात ती नव्हती. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका, हे तुमच्याच पुस्तकात आहे. माझी ९६ आहे. ती मी घरी ब्लाउजच्या मापाच्या टेपनं मोजली.

आता वजन उतरवणाऱ्या त्या इंजेक्शनांकडे येते, कारण मला माहीत आहे की हे पत्र उघडताना तुमच्या मनात तेच आलं असेल.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो, आपल्याकडे आलं. अडीच मिलिग्रॅमची एक वायल, म्हणजे छोटी बाटली, तेव्हा साडेतीन हजारांची होती, आठवड्याला एक. महिन्याचे १४ हजार झाले, तेही सुरुवातीच्या डोसचे. जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लूटाइड आलं, वेगोवी, तेव्हाच्या किमतीनं त्याहून महाग. आमच्या भागात १४ हजारांत मुलाची वर्षाची शाळेची बस होते. त्यामुळे पहिलं वर्षभर माझ्या दुकानात लोक नुसते भाव विचारून जायचे, सराफाकडे जातात तसे. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वर्गातली औषधं आपल्या अत्यावश्यक यादीत घातली, टाइप २ मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्यासोबत हृदयविकार किंवा किडनीचा आजार असेल अशांसाठी. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लूटाइडच्या पेटंटची मुदत आपल्या देशात संपली. देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला आणि भाव विचारून जाणारे आता घ्यायला येऊ लागले.

आणि इथेच मला धडकी भरली आहे. भाव खाली आला, पण तुमची चिठ्ठी होती तिथेच राहिली.

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक आता दोन प्रकारचं आहे. पहिलं म्हणजे ज्याला खरंच गरज आहे. बीपी, शुगर, घोरणं, पायऱ्या चढताना लागणारा दम, सगळं आहे. पण त्याच्या चिठ्ठीवर ‘रिड्यूस वेट’च्या पुढे काही नाही. तो काउंटरवर वाकून हळूच विचारतो, “ताई, ते इंजेक्शन असते ना, ते मले चालन का?” मी त्याला म्हणते, डॉक्टरांना विचारा. तो म्हणतो, “त्यायले कसं विचारू? म्हणतीन, तोंड बंद ठेव आधी.”

दुसऱ्याला गरज नाही, पण चिठ्ठी आहे. चिठ्ठी म्हणजे मोबाइलवरचा फोटो, कुठल्या तरी दुसऱ्या शहराच्या लेटरहेडचा, तारीख पुसट. मागे एक पोट्टी आली, लग्नाला दोन महिने राहिले होते. उंची-वजन विचारून मी तिथल्या तिथे हिशेब केला, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२ आला. जिमच्या सरांनी सांगितलं म्हणे. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, “मग दुसरीकडून घेते.” घेतलंही असेल. एका मुलानं वायल आणि सिरिंज दाखवून विचारलं, “दहा युनिट म्हणजे कुठवर?” त्याच्या हातात लाल टोपीची सिरिंज होती, ४० युनिटवाली. त्याला सांगणाऱ्यानं मनात १०० युनिटची, केशरी टोपीची धरली होती. तोच ‘दहा’ आकडा लाल टोपीच्या सिरिंजवर अडीचपट औषध ओढतो. हे इन्सुलिनच्या पेशंटना आम्ही वर्षानुवर्षं समजावत आलोय. वजनवाल्यांना कोण समजावणार? त्यांना कुणी पेशंटच मानत नाही.

लठ्ठपणा बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. औषधे आणि जादुई उपाय कायदा, त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑटोच्या पाठीवर ‘२१ दिवसांत पोट गायब’ वाचून मला दर वेळी हा कायदा आठवतो. पण या जाहिरातदारांवर रागावून काय उपयोग? तुम्ही सोडलेली मोकळी जागा त्यांनी भाड्यानं घेतली, एवढंच.

तुमच्यापैकी अनेकांचा या इंजेक्शनांवर विश्वास नाही, हे मला ठाऊक आहे. सोडलं की वजन परत येतं, हा मुख्य आक्षेप. बरोबर आहे. ‘स्टेप १’ नावाच्या चाचणीत सेमाग्लूटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. पुढे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. माझ्या हिशेबात ७४चे ६३ होणार आणि मग परत ७० होणार. पण डॉक्टरसाहेब, टेल्मिसार्टन सोडल्यावर माझं बीपी वर गेलं तर तुम्ही म्हणाल का, की बघा, औषध फसवं निघालं? तुम्ही म्हणाल, बाई, कुणी सांगितलं होतं बंद करायला? बीपीला आपण जन्माची सोबत मानली आणि वजनाला मात्र स्वभावदोष.

दुसरा आक्षेप त्रासाचा. तोही खरा. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ. क्वचित स्वादुपिंडाला सूज, पित्ताशयात खडे. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर हात लावायचा नाही. उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, म्हणून प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम सोबत हवा. टिर्झेपॅटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, आणि पाळी मागेपुढे होत असलेल्या ४५च्या बाईला हे कुणी सांगितलं नाही तर काय होईल? ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगावं लागतं, कारण पोटात अन्न रेंगाळलेलं असतं. ही एवढी यादी आहे म्हणूनच तर मला तुमची चिठ्ठी हवी. धोका नसता तर मीच दिलं असतं काउंटरवरून, ओआरएसच्या पाकिटासारखं.

आणि त्रासाच्या यादीत एक गोष्ट अशी आहे जी कंपनीच्या कागदावर असते, पण नागपूरच्या चिठ्ठीवर कधी नसते. ऊन! ही इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि वापरायला घेतल्यावर ठरावीक दिवस ३० अंशांपर्यंत चालतात. ३० अंश! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ला असतो, कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा पारा ३०च्या खाली उतरेलच असं नाही. २०२४च्या मे महिन्यात तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवून देशभर बातमी केली होती. सेन्सर बिघडलेला निघाला ही गोष्ट वेगळी, पण त्या दोन दिवसांत एकाही नागपूरकराला तो आकडा खोटा वाटला नाही. अशा उन्हात माणूस दुपारी दीड वाजता इंजेक्शनाचं पेन घेतो, स्कूटीच्या डिकीत टाकतो, वाटेत दोन कामं उरकतो आणि घरी जाऊन ते फ्रिजरला चिकटवून ठेवतो, ‘जास्त थंड, जास्त चांगलं’ म्हणून. म्हणजे आधी उकडलं, मग गोठवलं. गोठलेलं औषध फेकून द्यायचं असतं. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी स्वतः थर्माकोलचा डबा आणि बर्फाची पिशवी देते, आणि बर्फ औषधाला थेट लावू नका हे तीनदा सांगते. गडचिरोलीकडचे, बालाघाटचे, छिंदवाड्याचे पेशंट तुमच्याकडे येतात. काही तासांची बस, गावात वीज असेल-नसेल. त्यांना हे औषध लिहिताना ‘घरी फ्रिज आहे का’ एवढं विचारलं तरी एक ओळ वाढेल चिठ्ठीवर. नसेल तर इन्सुलिनवाल्यांना सांगतो तसा ओल्या माठाचा उपाय आहे, पण तोही कितपत पुरेल ते तुम्हीच सांगायला हवं.

आता एक गणित मांडते. ते सोडवायला मला तुमची संघटना हवी आहे, एकटा डॉक्टर नको.

मी लठ्ठ आहे का? माझा बीएमआय साडेएकोणतीस-तीसच्या मध्ये पडतो. भारतीयांसाठी तुम्हीच ठरवलेल्या मापानं २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा. म्हणजे हो, केव्हाचीच. इंजेक्शनाच्या कागदावर ३०, किंवा बीपी-शुगरसारखी सोबत असेल तर २७. म्हणजे मी बसते. आता विमा. विमा नियामकानं आरोग्य पॉलिसींसाठी घालून दिलेल्या अपवादांच्या यादीत लठ्ठपणाचं कलम आहे. त्यात खर्च मिळतो तो शस्त्रक्रियेचा, आणि अट आहे बीएमआय ४०ची. ३५ चालतो, पण सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही जडलेलं हवं, आणि शस्त्रक्रियेहून सौम्य उपाय करून फसलेले हवेत.

मी माझ्या उंचीला लावून पाहिलं. ३५ म्हणजे ८७ किलो. ४० म्हणजे १००. विम्याच्या कृपेला पात्र व्हायला मला आणखी २६ किलो कमवावे लागतील! आणि त्या ‘सौम्य उपायां’चे पैसे? ते बहुतेक पॉलिसीत नाहीत. आधी सौम्य उपाय करा, स्वतःच्या खिशातून करा, ते फसले याचा पुरावा आणा, मग जठर कापायला आम्ही पैसे देतो. दुकानात मी हे वाक्य एकदा नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “हे तर असं झालं की घर जळू द्या, मग बंब पाठवतो.”

हे कलम मी बदलू शकत नाही. माझ्या पत्राला विमा नियामकाच्या हैदराबादच्या कार्यालयातून पोचही येणार नाही. पण तुमच्या संघटनेच्या लेटरहेडवर गेलेल्या पत्राला येईल. तुम्ही परिषदा भरवता, त्यांत ठराव होतात. एक ठराव या कलमावर होऊ द्या. आणि मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स या सरकारी हॉस्पिटलांत आठवड्यातून एक दिवस वजनाची ओपीडी भरावी, यासाठीही बोला. जिथे मधुमेहाचं औषध फुकट मिळतं त्याच खिडकीवर, ज्यांना खरंच लागू आहे अशांना, हेही मिळावं. खाजगीत १४ हजार देणारा माणूस आजही वाट काढेल. मानेवाड्याच्या पुढे हुडकेश्वरकडे राहणारी, चार घरी पोळ्या करणारी बाई कुठून काढणार? तिच्या गुडघ्याचं दुखणं तर माझ्याहून जुनं आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, प्रत्येकाला वजनावर २० मिनिटं दिली तर रात्रीचे दोन वाजतील. खरं आहे. पण मी एक दुसरी चिठ्ठीही पाहिली आहे.

जानेवारीत मी एका तरुण डॉक्टरबाईंकडे गेले. तिथे काटा पडद्याच्या मागे होता. त्यांनी टेप काढून कंबर मोजली. झोप कशी, घोरता का, पाळी कधी गेली, आईला काय होतं, याआधी वजन उतरवायचे कोणकोणते प्रयत्न केले, ते कितपत टिकले, सगळं विचारलं. ‘प्रयत्न केले’ हे त्यांनी गृहीत धरून विचारलं, ही गोष्ट माझ्या अजून लक्षात आहे. सोनोग्राफी करायला लावली आणि त्यात पित्ताशयात दोन खडे सापडले, जे मला कधी दुखले नव्हते. त्या म्हणाल्या, “तुम्हाला इंजेक्शनाचा फायदा होऊ शकतो, पण वजन झपाट्यानं उतरलं की हे खडे त्रास देऊ शकतात. आधी सर्जनचं मत घेऊ. तोवर दुसरं सुरू करू.” मग लिहिलं. रोज ६० ग्रॅम प्रथिनं, आणि ते किती वाट्या वरण, किती दही, किती अंडी याचा हिशेब. आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलायची, सुरुवातीला दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चालतील. रात्रीचं जेवण दुकानातच आठला, घरी आल्यावर नाही. भात बंद नाही, एक वाटी. तीन महिन्यांचं उद्दिष्ट तीन किलो. खाली पुढच्या भेटीची तारीख.

हे २० मिनिटांत झालं. इंजेक्शन त्या कागदावर नव्हतं, तरी ती चिठ्ठी होती. मला नाही का मिळालं, ते कळलं. कधी मिळू शकेल, तेही कळलं. मी ती दुकानात काचेखाली ठेवली आहे.

एप्रिलमध्ये वजन ७२.२ भरलं. तीन किलो झाले नाहीत. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, कंबर दोन सेंटिमीटरनं कमी झाली ते त्यांनी लिहून घेतलं आणि सर्जनची तारीख ठरवून दिली. पुढचं जूनमध्ये ठरेल.

तेव्हा माझं मागणं फार नाही. काटा आत घ्या, टेप ठेवा. वजन वाढवणारं औषध लिहिताना पर्याय आहे का बघा, नसेल तर पेशंटला तसं सांगा, म्हणजे तो स्वतःला दोष देत फिरणार नाही. इंजेक्शन लिहायचं असेल तर डोस कधी वाढवायचा, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, किती दिवसांनी दाखवायचं, हे लिहा. पाव मिलिग्रॅमनं सुरू करून चार-चार आठवड्यांनी वाढवायचं सेमाग्लूटाइड ‘एक महिना’ एवढंच लिहून पाठवू नका, पेशंट दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे ‘पुढचं मोठं द्या’ म्हणत येतो. लिहायचं नसेल तर का नाही, तेही लिहा. व्हॉट्सअॅपवर फोटो बघून चिठ्ठ्या देणारे तुमच्यातच काही आहेत, त्यांची नावं तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहेत. त्यांच्याशी तुमच्या बैठकीत बोला, मला इथे लिहायला लावू नका.

माझ्या बाजूनं एवढं करते. दुकानात मी काटा घेतला आहे, मागच्या खोलीत, दार लोटून वजन करता येतं, पैसे नाहीत. फोटोवरच्या चिठ्ठीवर इंजेक्शन देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी. आणि अर्धवट ओळ दिसली की आता तुम्हाला फोन करणार आहे, दुपारी दोनच्या आत, ओपीडी संपायच्या आधी. वैतागू नका.

साडेदहा वाजले. शटर अर्धं ओढलं आहे आणि बाहेर एक गृहस्थ कागद घेऊन उभे आहेत. त्यांची चिठ्ठी मी खालून वर वाचणार आहे.

तुमची,
मानेवाड्यातली एक फार्मासिस्ट